बाजू ब

अनुसयाबाई पगारे बाटाच्या खोक्यात अकरा कॅसेट घेऊन आल्या.
म्हणाल्या, तुम्ही प्रेसमध्ये दोष काढायचात ना,
तेव्हा ऐका, आणि सांगा कुठल्या ठेवू.

सव्वीस वर्षं मी उजेडासमोर कोऱ्या नोटा धरल्या.
तार केसभर डावीकडे, आकड्याची शाई फुटलेली,
की बाजूला.
कानाला त्या नोकरीत काही काम नव्हतं.

तुळशीराम पगारे मला ठाऊक होते ते लाल डगल्यातले,
खांद्यावर सोनेरी झालर, गाल टम्म,
जेल रोडवरून वरात निघाली की पहिल्या रांगेत.
नवऱ्या मुलाच्या मागे राहिलेल्या मामालाही
चौकापलीकडे ऐकू गेलं पाहिजे, असला सूर.

कॅसेटमध्ये हा माणूस नाही.

इथे कुणीतरी एक सूर
बशीत कप ठेवावा तसा ठेवतो
आणि हात काढून घेतो.
कंप नाही. लाडीगोडी नाही.
सूर संपल्यावर खोली तेवढीच उरते
फक्त जरा नीट पुसलेली.

तरुणपणी देवळालीच्या मेसमध्ये ते वाढपी होते.
बदली झालेला एक कॅप्टन सामान हलकं करताना
ऑल्टो सॅक्सोफोनची एक तबकडी देऊन गेला.
वाजवणारा कोण, कुठला, नाव मिटलेलं.
अनुसयाबाईंनी ती एकदा पापडांवर वजन म्हणून ठेवली,
उन्हात वाकली,
आणि तेव्हापासून ते आठवणीतून वाजवायला लागले,
म्हणजे थोडं चुकीचं,
म्हणजे आपलं.

लेबलांवर पेन्सिल:
१२ जाने., थंडी, रीड चिरलेलं.
तेच, पुन्हा.
तेच. आज बरं.
तेच.

तिसऱ्या कॅसेटवर तोफा आहेत.
तोफखान्याचा सराव, दूर, धप्प,
खिडकीची काच किणकिणते.
ते थांबतात.
पुढच्या धप्पची वाट बघतात
आणि तिच्या किंचित अलीकडे, नोटेच्या जाडीएवढं अलीकडे,
आत शिरतात.
पलटणीला पत्ता नाही
की आज आपण कुणाला तरी साथ केली.

मग पाचवी. बाजू ब.
सुरुवातीला आवाज मोठा आहे,
वरातीतून घरी आलेल्या माणसाचा,
ज्याचा घसा अजून रस्त्यावरच आहे.
दोन मिनिटं. आणि

ठक.
ठक-ठक.

मी बटण दाबलं. मागे नेलं.
ठक. ठक-ठक.
मार्च महिना, ओव्हरटाइम, पाचचं उठणं,
मधली भिंत एका विटेची,
माझ्या हातात लाटणं.

टेपवर बराच वेळ काही नाही.
पंख्याची कुरकुर. अनुसयाबाई म्हणतात, निजा आता.
कापड सरकल्याचा आवाज,
टॉवेल असावा, भोंग्यात कोंबलेला.
आणि मग पुन्हा, इतकं हळू
की बटणांची टपटप सुरापेक्षा मोठी,
श्वास आधी येतो, सूर मागून,
पाय न वाजवता घरात येणाऱ्यासारखा.
आधी एक सूर.
मग दोन, जोडून.

सहावीपासून अकरावीपर्यंत सगळं याच आवाजात.

जो मऊपणा मी आता रात्री दोनला
उशीजवळ टेप ठेवून ऐकते आहे
तो मी घडवला की
एक मोठा आवाज मी मोडून टाकला,
उजेडासमोर धरून बघितलं,
दिसत नाही.

सकाळी खोकं परत दिलं.
म्हटलं, सगळ्या ठेवा.
पाचवीत फक्त एक दोष आहे,
मध्ये भिंतीवर ठोकल्याचं येतं.

माहीत आहे, त्या म्हणाल्या,
हे सगळ्यांना तीच ऐकवायचे.
म्हणायचे, शेजारच्या बाईंना लय कळते.

मी चहा टाकला.
त्या ओट्यापाशी उभ्या, लाटण्याकडे पाठ करून.
भोंगा झाला. पहिली पाळी आत गेली.