मानशीचं दार

एका चित्राला साठ पैसे.
चंद्राचा करडा तुकडा पडद्यावर येतो,
मी त्यावर चौकोन ओढते: खड्डा.
दगड. पुन्हा दगड.
ही नुसती सावली.
यातून कुठलंसं यंत्र शिकणार आहे
उतरताना पाय कुठे टेकू नये ते.
यान कुणाचं, कुठल्या देशाचं, विचारायचं नसतं.
करारात सहावं कलम आहे तसं.

दिवसाला चारशे चित्रं.
फेरीबोट रायबंदरला गेली की चोडणचं नेट जातं
असं शेजारची पिएदाद म्हणते.
खरं नसावं, पण जातं खरं.
तेवढा वेळ मी खिडकीतून खाजन बघते,
बांध, आणि बांधाच्या पोटातली मानस.
मन आणि माणूस, दोन्ही ऐकू येतात त्या शब्दात,
आणि दार तर नुसतं लाकडाचं.
भरती येते, नदी फळ्यांना लोटते, त्या मिटतात.
सुकती लागली की आतलं पाणी त्यांना उघडतं.
खारं पाणी कोरगुटाच्या मुळाशी पोचत नाही.
किती पिढ्या हे चाललंय
दाराला माहीत नाही.

परवा रुझारला म्हटलं,
तुमचं हे दार म्हणजे यंत्रच की,
डोकं नाही आणि चुकत नाही.
तो गुडघाभर चिखलात उभा होता,
फटीत पेंढा कोंबत. हसला नाही.
"चुकत नाही?
मागच्या अवसेला ओंडका अडकला मध्ये.
रात्री दोन वाजता मी इथे, बनियनवर.
तू झोपलेलीस म्हणून तुला वाटतं चुकत नाही."
मग फळीवर थाप मारून,
"तुझ्या त्या चंद्राला सांग बाय,
जरा हळू ओढ म्हणावं. लाकूड जुनं झालंय."

मला हे कधी सुचलंच नव्हतं:
ज्याचे तुकडे मी चौकोनात भरते
तोच दिवसातून दोनदा इथवर येऊन
माझ्या खिडकीखालचं दार ढकलतो.
पडद्यावर तर तो किती कोरडा.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं.
यंत्र आता चौकोन स्वतः ओढेल.
आपण फक्त चुका दाखवायच्या,
चुकीमागे एक रुपया.
पुढे काय, ते पत्रात नव्हतं.

पहिलीच चूक उघडली.
सावलीला त्याने खड्डा म्हटलं होतं.
दुसरी तशीच. तिसरी.
काळं दिसलं की खड्डा, शंका आली की खड्डा.
हात थांबला माझा.
ही सवय मी ओळखते.
लहानपणी काळोखात बांधावरून येताना
आई पुढे असायची, कंदील तिच्याकडे,
आणि मागे न बघता सांगायची,
काळं दिसलं तर पाणी समज, पाय मागे घे.
दमलेल्या रात्री, दोनशे चित्रांनंतर,
मी तेच केलं असणार. सावली असली तरी खड्डा.
आणि त्याने ते उचललं,
जसं मूल शिवी उचलतं,
कुणी शिकवल्याशिवाय.

म्हणजे उद्या केव्हातरी,
मी नसेन, रुझार नसेल,
कोरगूट कुणी पेरत असेल की नाही देव जाणे,
तिथे वर, जिथे ना पाणी ना चिखल,
एक यान एका सावलीपाशी अडखळेल
आणि पाय मागे घेईल.
आईला चंद्र म्हणजे संकष्टीचा उपास सोडायची वेळ,
बाकी काही नाही.

चूक दुरुस्त केली तर रुपया मिळतो.
अकरा केल्या.
बारावी तशीच ठेवली आहे पडद्यावर, अर्ध्या तासापासून.
चूकच आहे ती. मला दिसतंय ना.

बाहेर भरती चढतेय.
आज अवस, आकाशात तो कुठेच नाही
आणि पाणी बांधाच्या कडेला आलंय.
मानशीपाशी एक टॉर्च हलतो आहे,
रुझार कुणाला तरी हाक मारतोय,
बहुतेक मलाच.
चपला कुठे काढल्या ते आठवत नाही.