लोखंडाचं जेवण

रिवणच्या बंद खाणीवरचा ट्रान्सफॉर्मर
सहा वर्षं झाली, काही ओढत नाही.
क्रशर गप्प. पट्ट्यावर गवत. धुण्याच्या टाकीत बेडकं.
राखणदाराच्या खोलीत एक बल्ब,
तोही नऊला मालवतो.

तरी महिन्याअखेर मी वाचायला गेले
की आकडा पुढे सरकलेला.
"बाय, करंट कोण खाता गो?"
दुलबा वेळीप विचारतो, जणू चोर मलाच ठाऊक.

लोखंड खातं, मी म्हणते.
आतला गाभा, पत्र्यावर पत्रा, तेलात बुडालेला,
सेकंदाला पन्नासदा उत्तर-दक्षिण
कूस बदलत राहतो.
ऐक ना, तोच हा घूं.
काम असो-नसो,
जागं राहण्याचं भाडं: अडीच किलोवॅट.

"आनी काम आसतना?"
तेव्हा तांबंही पंगतीला बसतं.
त्याची भूक मात्र सरळ नाही.
भार दुप्पट, भूक चौपट.
तिप्पट केलास, तर नऊपट.

दुलबा बराच वेळ विडी न पेटवता धरून.
मग म्हणाला, थोरल्याने दुसरा ट्रक घेतला ना,
तेव्हा असंच झालेलं.
आणि आता दोन्ही अंगणात उभे,
कोंबड्या अंडी घालतात केबिनमध्ये,
विमा मात्र चुकत नाही.

मी जुनी लॉगबुकं उघडली. वाळवीने कडा खाल्लेल्या.
काप्शेच्या धक्क्यावर बार्जी रांगेत असायच्या त्या साली
तेलाचं तापमान ब्याऐंशी, पंच्याऐंशी,
कुणीतरी लाल पेनाने: "पंखे लावा!!"
लोखंडाचा घास आणि तांब्याचा घास
जिथे सारखे होतात,
तिथे हे यंत्र सगळ्यात कमी वाया घालवतं:
अर्ध्याच्या जरा खाली.
शोधून पाहिलं. त्या भाराचा दिवस
एकाही पानावर नाही.
एकतर छाती फुटेस्तोवर,
नाहीतर शून्य.

"मग बंद कर की सगळो."
बंद केला तर थंड पडेल,
पावसाळ्यात श्वासासरशी ओल ओढेल आत,
तेल नासेल, कागद कुजेल.
जे वाया जातंय
त्यानेच तो कोरडा आहे.

दुलबाने टाकीला तळहात लावला.
"कोमट."
त्याचं कुत्रं कुंपणाला टेकून झोपलेलं.

मी रीडिंग लिहिलं, तारीख घातली,
शेऱ्याच्या रकान्यात:
सिलिका अजून निळी.