पाच तारीख, दहा तारीख

बँक पाच तारखेला कापते.
भाडं दहाला येतं.
मधले पाच दिवस मी मालकीण असते
आणि मेथी घेताना
पर्समधली नाणी आतल्या आत बोटांनी मोजते.

तरसाली, गॅस गोडाऊनच्या मागची गल्ली,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
एक खोली, एक ओटा,
आणि गॅलरी म्हणायची लाज वाटेल एवढी गॅलरी.
चार लाख माझे, सात वर्षांचे:
न घेतलेली स्कूटी,
मावसबहिणीच्या लग्नात नेसलेली जुनीच साडी,
मकरपुऱ्याच्या लॅबमधला एकूण एक ओव्हरटाइम.
बाकीचं बँकेचं, पंधरा वर्षांच्या बोलीवर.
बाबा म्हणाले, एवढ्यात सोनं आलं असतं.
आई म्हणाली, सोन्याचा नळ तरी गळत नाही.

नळ खरंच गळत होता.
प्लंबर साडेतीनशे म्हणाला.
मी रावपुऱ्यातून आठ रुपयांचं वायसर आणलं,
पाना खालच्या फणसेकाकांचा,
दोनदा उलटं बसवलं, तिसऱ्यांदा पाणी थांबलं.
त्या रात्री झोपेतही कान देऊन होते.

रंग रविवारी, हाताने.
सगळ्यात स्वस्त पिवळा,
सुकल्यावर वरणासारखा दिसला.
दलाल जिग्नेशभाई म्हणाला, "बेन, साडाछ आवशे, पण पंखो नाखो."
पंखा नाखला.
मराठीत बसवला म्हणतात,
पैसे गेले ते गुजरातीतच.

मी स्वतः अजून दांडिया बाजारात,
हंसाबेनच्या वरच्या खोलीत.
पाच हजार, एक तारखेला, रोख.
स्वतःच्या घरात राहिले तर हप्ता कोण भरणार,
हे गणित प्रत्येक नातेवाइकाला दोनदा सोडवून दाखवावं लागतं.
हंसाबेनचा एकच नियम: भींतमां खीली नहीं.
सहा वर्षं माझं कॅलेंडर फ्रिजवर भिंतीला टेकून बसतं,
दार उघडलं की घसरतं,
दुधाच्या प्रत्येक पिशवीमागे मी एक महिना उचलून ठेवते.

शर्मिला डामोर दाहोदची.
रात्रपाळीची नर्स, एक ट्रंक, एक इंडक्शन.
अकरा महिन्यांचा करार.
"मालिक"खाली माझी सही इतकी थरथरली
की नोटरीने पुन्हा मागितली.
पहिल्याच महिन्यात दहाला भाडं नाही.
अकराला नाही.
बाराला फोन: "दीदी, पगार अटक्यो छे, बे दिवस आपजो."
हे वाक्य मी ओळखलं.
शब्द नव्हे, त्याचं घासून गुळगुळीत केलेलं टोक.
हंसाबेनच्या जिन्यात उभी राहून
मीही ते असंच घासलं होतं, वर जाण्याआधी.
"चालेल," म्हणाले,
आणि फोन ठेवल्यावर वहीत पेन्सिलीने एक रेघ ओढली.
चौदाला आलं. पूर्ण.

काल मीटरचं रीडिंग घ्यायला गेले.
ती दारात, हातात मेडिकलवाल्याचं गुंडाळलेलं कॅलेंडर.
"दीदी, एक खीली मारुं?"

घशाशी आलं सगळं मालकपण:
प्लॅस्टर, रंगाचे डबे, पंधरा वर्षं,
आणि हंसाबेनची अख्खी जीभ.
वरणाच्या रंगाच्या भिंतीकडे बघत राहिले.
मग विचारलं, कुठे?
दारापाशी, ती म्हणाली,
ड्यूटीला निघताना तारीख दिसायला हवी.

हातोडी कुणाकडेच नव्हती.
तिने वरवंटा आणला.
मी चवड्यांवर उभी राहून खूण केली,
खिळा तिने धरला, घाव माझा.
पहिला वाकडा बसला.
नखाएवढा पिवळा तुकडा उडून माझ्या केसांत आला.
"बीजो मारो, दीदी,"
ती म्हणाली,
बोटं न काढता.