ताबा

दोन्ही कागद एकाच फायलीत आले,
एकाच दोऱ्यानं बांधलेले.
एक चारकोपच्या बिल्डरचा: पझेशन.
दुसरा आमच्याच कोर्टाचा: कस्टडी.
माझ्याकडे दोघांसाठी शब्द एक.

फ्लॅटचा ताबा अर्जदाराकडे, मी लिहिलं.
खाली लिहिलं, मुलीचा ताबा जाबदारांकडे.
मग पेनाला टोपण लावलं
आणि चहावर साय धरू दिली.

बावीस वर्षं वांद्र्याला भाषांतर करतेय,
ओळीला ओळ, पानागणिक सही.
इंग्रजीत या दोघी सख्ख्या नव्हेत,
फार तर चुलत.
पझेशन म्हणजे हातात येणं,
दाराच्या दोन किल्ल्या, टपालपेटीची एक,
उंबऱ्यावर नारळ, लाइटच्या बिलावर आपलं नाव.
अंगात येणं, यालाही तोच शब्द आहे,
पण ते कोर्टात कुणी विचारत नाही.
कस्टडी म्हणजे सांभाळणं
जे आपलं नाही ते,
किंवा आपलंच आहे पण
केव्हातरी हात सैल करायचाय
हे ठाऊक ठेवून.

एकदा मी 'सांभाळ' लिहून पाहिलं होतं.
वरून शेरा आला: प्रचलित शब्द वापरावा.

आणि नवा आलेला केणी,
पेपर वाचून वाचून मराठी शिकलेला,
त्यानं एका निकालात लिहिलं,
'अल्पवयीन मुलीची कोठडी आईकडे.'
अख्खं सेक्शन हसलं.
साळसकर बाईंना तर ठसका लागला.
हसत हसतच मी लाल पेन घेतलं.
खोडताना जोर जरा जास्त झाला,
कागद फाटला.

आज मांजरेकर स्वतः आले नकला न्यायला.
उभ्यानंच वाचलं, बोट ठेवून.
बाई, दोन्हीकडे ताबाच आहे?
म्हटलं, मराठीत तसंच आहे.
मग अदलाबदल केली तर कुणाला कळेल?
विनोद होता तो. अर्धा.
खिशात जुडगा वाजला.

मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगत राहिले:
लहान खोलीला पिवळा रंग, तिनंच निवडलेला,
तेव्हा बिल्डिंगचा नुसता खड्डा होता
आणि ती सहाची.
आता नऊची आहे.
पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते पाच.
पिवळा आता बालिश वाटेल का हो तिला?

हे माझ्या कामात बसत नाही.
माझ्या कोशात याच्या दोन्ही बाजू कोऱ्या.
मी रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढे केलं.

तारीख, नाव, प्रतींची संख्या,
आणि शेवटचा रकाना, वर छापलेलं
'मिळाले'.
त्या शब्दाकडे ते बराच वेळ बघत राहिले.
मागच्या माणसानं घसा खाकरला.
तेव्हा सही केली,
रकान्याच्या थोडी बाहेर.