बादलीवाला

मासा रंग सोडतो तो शेपटीकडून नाही, डोळ्याकडून.
हे मला कुणी शिकवलं नाही.
आठव्या वर्षी ऑर्ताच्या धक्क्यावर
दोना एर्मिनियाने माझ्या हाती बादली दिली,
म्हणाली, हिंदकळू देऊ नकोस.
एवढीच माझी नोकरी.

धक्क्यापासून तिच्या दारापर्यंत
ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या एकशे चौदा पायऱ्या.
बादलीत खडकातला राजमासा,
हिरवा, आणि त्या हिरव्याच्या आत
दुसरं कुणीतरी राहत असावं तसा निळा.
वर ती कुंचला भिजवून उभी,
शिंपल्यांत हिंगूळ, नीळ, मोरचूद खलून तयार.
पाटावर मासा ठेवला की सहा मिनिटं.
त्यानंतर तो बाजारातला मासा.

सहा मिनिटं ती बोलायची नाही, मी शिंकायचो नाही.
मग कांदा चिरायची, व्हिनेगर ओतायची,
आणि आम्ही राजाला खायचो.
काटे मांजरीला.

लिस्बनहून प्राध्यापकांचं पत्र आलं:
बाईंचा हिरवा अवास्तव आहे.
आमच्या बरणीतला नमुना पांढरट असून
स्पिरिटमध्ये तो अकरा वर्षं उत्तम टिकला आहे.
तिने ते मला दोनदा वाचून दाखवलं,
दुसऱ्यांदा हसू आवरेना म्हणून मध्येच थांबली.
पत्राची मागची बाजू कोरी होती.
तिच्यावर तिने खेकडा काढला.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
कडा दिसायच्या, रंग नाही.
मग मी सांगायचो आणि ती लावायची.
पाठीवर? ओल्या बाटलीसारखा.
गालावर? गंजलेला खिळा, पण आजच पावसात भिजलेला.
पोटाशी? बाई, तिथे काहीच नाही,
पहाटे चुना लावलेल्या भिंतीवर असतं तेवढंच.
थोडं थांबून विचारायची, आहे?
मी म्हणायचो, आहे.
किंवा, गेला.
गेला म्हटलं की कुंचला तिथेच खाली.
शेवटची नऊ चित्रं अशी झाली,
अर्धी तिच्या हाताची, अर्धी माझ्या जिभेची.
छापील पुस्तकात आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही,
आणि हिरवा त्यांनी फिका केलाय.

फेब्रुवारीत तिला धाप लागली.
डॉक्टर समोरच्या बेटावर, समुद्र खवळलेला,
होडी सुटेना.
मी उशाशी बसलो. तेव्हा मी तिशीचा,
दोन मुलांचा बाप, माझी स्वतःची जाळी होती.
तिने रजईबाहेर हात काढला, माझ्यासमोर धरला,
पाटावर ठेवावा तसा.
नखांपासून सुरू झालं होतं.
तिने विचारलं, आहे?

खाली कुणीतरी होडी वाळूवर ओढत होतं.
माझे हात रिकामे होते,
तरी मी ते घट्ट धरले, हिंदकळू नये म्हणून.
आहे, मी म्हटलं.