कापूस

सूरला, बंदराच्या मागच्या गल्लीत
आमच्या वर्कशॉपचं शटर अर्धंच वर असतं.
वाळू आत येते, भुसा बाहेर जातो,
दुपारपर्यंत दोघांचा रंग एकच.

राउटर पहाटेच चालवून झाला.
बर्मा सागाच्या फळीत बोटभर रुंद खोबण,
वेलीसारखी वळत गेलेली,
कडा स्वच्छ, पण आत लव उभी.
बिट रेषेच्या सोबत गेलं तिथे तळ गुळगुळीत,
रेषेच्या विरुद्ध घुसलं तिथे
लाकडाच्या अंगावर काटा.

मशीन तेवढ्यावर थांबतं. पुढचं माझ्याकडे.

छोटं रोटरी पेनासारखं धरायचं,
दाताचा डॉक्टर धरतो तसं.
वेग कमी. शफीकुलला रोज सांगतो,
घाई केलीस की साग करपतो,
मालकाला आधी वास येतो, डाग मागून दिसतो.
वळणाला शेंगदाण्याएवढं गोल बिट,
तळाला सपाट,
कोपऱ्यात पणतीच्या ज्योतीसारखं निमुळतं,
आणि तरी तिथे गोलाईच उरते.
फिरणाऱ्या वस्तूला कोपरा कळतच नाही.
शेवटी पटाशी. बाबांची, कुडाळहून आणलेली,
घासून घासून पोलाद बोटभरच राहिलंय.

बाबा करंगळीचं नख फिरवायचे खोबणीतून.
"डोळे फसवतत, नख फसवीत नाय."
माझी बोटं चौदा वर्षं थरथर धरून
आता मधूनच पांढरी पडतात, एसीत जास्त.
टोकांना काय लागलं ते पोचतच नाही वर.
कंपनीच्या मेडिकलमध्ये सांगितलेलं नाही.

म्हणून कापूस.
फार्मसीतला, निळ्या कागदातला.
चिमूटभर घेऊन खोबणीतून ओढत न्यायचा.
कूस राहिलं असेल तिथे एक तंतू अडकतो,
पंख्याच्या वाऱ्यावर हलत राहतो.
तिथे पेन्सिलची खूण. पुन्हा बिट.

गुरुवारी खमीस नाखवा आले,
नातवाच्या खांद्यावर हात.
दार त्यांच्याच घराचं, खाडीपलीकडे, अल ऐजात.
डोळ्यांतलं गेलं त्याला सहा वर्षं झाली.
एसी आणि पंखा दोन्ही बंद करायला लावले,
तर्जनी खोबणीत ठेवली आणि निघाले
बिजागरीच्या बाजूने वर, सावकाश,
सुकाणूवर बसल्यासारखे.

मी कापूस तीनदा फिरवला होता.

तिसऱ्या वळणाला बोट थांबलं.
"हिना."
आमच्याकडे हिना म्हणजे अत्तराची कुपी.
इकडे हिना म्हणजे इथे.
चौदा वर्षांनीही मला आधी वास येतो,
मग अर्थ.

टॉर्च लावला. काही नाही.
कापूस ओढला. सुळकन निघाला.
शफीकुल हसू दाबत होता.
"हिना," परत. आणि माझंच बोट धरून
त्यांनी तिथे टेकवलं.
मला त्यांचा तळवा कळला, दोरानं कापलेला,
लाकूड नाही कळलं.
"ऐवा," मी म्हटलं. हो, आहे.

बिट लावलं, वेग अगदी तळाला,
मला न दिसणाऱ्या, न लागणाऱ्या जागी,
एक श्वासभर.
पिठाएवढा भुसा आला.
आला म्हणजे होतं काहीतरी.
बिट टेकवलं की भुसा येतोच, हेही खरं.

ते पुन्हा पहिल्यापासून फिरले,
कुठे थांबले नाहीत.
मग विचारलं, गाव कुठलं.
वेंगुर्ल्याच्या अलीकडे, म्हटलं.
"विंगुर्ला," ते म्हणाले, पोरवयात दोनदा गेलो,
तिथल्या चिखलात माझी चप्पल राहिली आहे.
नातू मोबाईलवर वेळ बघत होता.

रात्री खोलीवर ताट धुताना
साबण गेला की नाही, बोटांना कळत नाही.
ताट कानाशी धरतो, अंगठा फिरवतो.
कुईं वाजलं
की ठेवतो पालथं.