रकाना एकोणीस

सोहारला पोचले तेव्हा पीआरओ म्हणाला,
मॅडम, पासपोर्ट राहू द्या माझ्याकडे, सेफ राहील.
दिला. गाडीत एसी छान होता.
मांडीवर टॅब्लेट, टॅब्लेटमध्ये चौसष्ट प्रश्न,
पुण्याहून निघताना मीच तपासलेले,
काना-मात्रा-वेलांटीसकट.

कॅम्पच्या भिंती इतक्या ताज्या रंगवलेल्या
की जरा टेकले तर खांद्यावर
पिस्ता रंग उमटला.
कॅम्प-बॉस साबीर धावत फडकं घेऊन आला.
पुसल्यावर डाग मोठा झाला.

खोलीत माणसं सहा. नियमात बसतं.
भिंतीवर खिळे मात्र चौदा.
रंगानं बाकी सगळं झाकलं होतं,
खिळे तेवढे राहून गेले.

गाद्या नव्या, वरचं प्लास्टिक तसंच.
करीमनगरचा ओदेलू कडेला टेकून बसलेला,
परक्याच्या सोफ्यावर बसावं तसा.
हलला की कर्र वाजायचं, मग तो थिजायचा.
झोप लागते?
लागते.
प्लास्टिक का नाही काढलं?
त्यानं साबीरकडे बघितलं.
हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

एकोणिसावा होता: पासपोर्ट कोणाकडे असतो?
माझ्याकडे असतो, कपाटात असतो, किल्ली माझ्याकडे असते,
ओदेलू म्हणाला.
टेकबहादूर म्हणाला.
बलियाचा सुखारी म्हणाला.
शब्द तेच, क्रम तोच,
किल्लीच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा तोच.
चौथ्यानं तर मी अठरावा विचारत असतानाच
एकोणिसाव्याचं उत्तर देऊन टाकलं.
कोणी हसलं नाही.
मीही ‘होय’वर बोट ठेवलं आणि पुढे गेले.

मेसमध्ये दाभोळचे दाऊदमिया परकार.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या भुकेचा हिशेब ठेवणारा माणूस.
‘पुन्याच्या काय तुमी?’ म्हणत बांगडा वाढला,
मग साबीर फोनवर बोलायला बाहेर गेला तसे
डाव खाली ठेवून म्हणाले,
‘बाय, त्या तुमच्या यादीत सावली हाय का कुठं, बघा.’

सावली?

‘दुपारची सुट्टी देतात. साडेबारा ते साडेतीन. खोटं कशाला बोलू.
पन कॅम्प पन्नास मिनटांवर, आन् बस कोन देतो?
ट्रेलरखाली झोपतात पोरं.
एक जन जागा ऱ्हातो,
इंजिन चालू झालं की सगळ्यांना उठवायला.
पाळी असते त्याची.’

मी यादी वर सरकवली, खाली सरकवली.
प्रश्न एकतीस: उन्हाळी विश्रांती दिली जाते का?
होय किंवा नाही.
कुठे, ते विचारलेलं नव्हतं.
आधी होतं. मार्चमधल्या मीटिंगमध्ये
मीच कापलं ते,
फॉर्म लांबतोय म्हणून. सगळ्यांनी मान डोलावली होती,
चहासोबत बाकरवडी होती.

रात्री हॉटेलात पुन्हा एकोणीस उघडला
आणि तेव्हा कुठे माझा मला आठवला.
पीआरओला फोन लावला.
उद्या देतो मॅडम, ऑफिस बंद झालंय.
काळजी नको, सेफ आहे.
मी ‘थँक्यू’ म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

एकोणीस कोरा ठेवून पाहिला.
कोरा ठेवता येत नाही, फॉर्म पुढे सरकत नाही.
सर्वांत खाली शेऱ्याची चौकट, दोनशे अक्षरांची.
तिथे ‘ट्रेलरखाली’ एवढं लिहिलं.
पुढचं वाक्य कर्त्यापाशी अडलं:
कंपनीनं? कंत्राटदारानं? ठेकेदाराच्या ठेकेदारानं?
मी?

खुर्चीवर टाकलेल्या कुडत्याचा
पिस्ता डाग आता वाळला होता.
दिवा घालवून आडवी झाले.
गादी मऊ होती.
या कुशीवरून त्या कुशीवर वळले,
मुद्दाम पुन्हा वळले,
काही म्हणजे काही वाजलं नाही.